मोटारीशिवाय सुरतेबाहेर: एका दिवसाच्या सहली



मंडळाच्या कोजागिरीला किंवा हळदीकुंकवाला भेट झाली की ज्येष्ठ सभासदांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते. "फिरायला जायचे आहे हो, पण गाडी कोण काढणार?" मुलगा सहा दिवस कामावर असतो. रविवारी त्याला झोप हवी असते आणि सुनेला माहेरी जायचे असते. आपण स्वतः गाडी चालवणे सोडलेले असते, किंवा घरच्यांनी सोडायला लावलेले असते. मग 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणता म्हणता वर्ष निघून जाते.

आम्ही काही निवृत्त सभासद गेली काही वर्षे जमेल तसे महिन्यातून एकदा सकाळी निघतो आणि दिवेलागणीपर्यंत घरी परततो. कोणाचीही मोटार घेत नाही. रेल्वेचे साधे तिकीट, एस.टी. आणि शटल रिक्षा यांवर काम भागते. या फिरण्यातून जी माहिती जमली ती सर्व कुटुंबांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे एकत्र दिली आहे. गाड्यांच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या बदलतात. दिशा, अंतर, पाहण्यासारखे काय आणि सांभाळायचे काय, एवढे दिले आहे.

निघण्यापूर्वी

सुरतेहून रेल्वेच्या तीन वाटा फुटतात. एक दक्षिणेला नवसारी, बिलीमोरा, वलसाडमार्गे मुंबईकडे, दुसरी उत्तरेला भरूच-वडोदऱ्याकडे आणि तिसरी उधन्याहून पूर्वेला बारडोली, व्यारा, नंदुरबारमार्गे जळगाव-भुसावळकडे. तिसरी आपल्या खानदेशी मंडळींची रोजची वाट. तिन्ही वाटांवर लोकल किंवा मेमू गाड्या असतात आणि त्यांना आरक्षण लागत नाही. तिकीट मोबाईलवर काढता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी अर्धा तास आधी पोहोचून खिडकीवर उभे राहावे, त्यात कमीपणा नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तरीही साध्या गाडीचे भाडे एका रिक्षाफेरीपेक्षा कमी पडते.

सुरत स्टेशनच्या नूतनीकरणामुळे काही गाड्या सुरतेऐवजी उधन्याहून सुटतात. आदल्या रात्री गाडी कोठून सुटते ते पाहून ठेवावे. एस.टी.चे मुख्य स्थानक रेल्वे स्टेशनासमोरच आहे, त्यामुळे गाडी चुकली तरी दिवस वाया जात नाही.

एक नियम आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. जाण्याची गाडी नंतर ठरवा, परतीची आधी. दांडीच्या पहिल्या सहलीला आम्ही अकरा जण होतो. परतीच्या एस.टी.ची वेळ आमच्यातल्याच एकाने लिहून आणली होती, पण ती इतर दिवसांची होती आणि आम्ही गेलो रविवारी. फाट्यावर पावणेदोन तास उभे होतो. शेवटी दूध पोहोचवून परतणाऱ्या एका टेम्पोवाल्याला दया आली. टेम्पोत मोकळ्या कॅनच्या मध्ये बसून आमच्या भगिनींनी नवसारीपर्यंत गाणी म्हटली हे खरे, पण गुडघ्यांची दुखणी असलेल्यांना तो प्रवास आठवडाभर आठवत राहिला. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि स्वतःची एक नोंद तपासली नाही! तेव्हापासून परतीची गाडी, तिच्या मागची दुसरी गाडी आणि दोन्ही चुकल्यास तिसरी सोय, अशा तीन ओळी लिहिल्याशिवाय आम्ही घराबाहेर पडत नाही.

पूर्वेची वाट: बारडोली, सोनगड, नवापूर

*बारडोली* सुरतेहून सुमारे ३०-३५ कि.मी. आहे. ज्यांना पहिल्यांदाच असे निघायचे आहे त्यांनी येथूनच सुरुवात करावी. १९२८ साली शेतसारा वाढवण्याविरुद्ध वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. वाढ २२ टक्क्यांची होती. चौकशीनंतर ती सुमारे सहा टक्क्यांवर आली. वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी याच लढ्यात मिळाली. १९२२ मध्ये स्थापन झालेला स्वराज आश्रम आणि शेजारचे सरदार संग्रहालय पाहायला दोन तास पुरतात. आश्रमाच्या आवारात झाडांची सावली आहे, बसायला जागा आहे आणि घाई करणारे कोणी नाही. आकड्यांची आवड असणाऱ्यांनी सारावाढीचा भाग जरूर वाचावा. हिशेब नीट मांडला तर सरकारलाही मागे यावे लागते, हे तेथे दिसते.

वेळ उरला तर बारडोलीहून दहा-पंधरा कि.मी.वर तापीकाठी हरिपुरा गाव आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन तेथे भरले होते. त्याच्या सजावटीसाठी नंदलाल बोस यांनी खेड्यातल्या जीवनाची चित्रे काढली होती. आज गाव शांत आहे. नदी पाहावी आणि परत यावे. खाण्यासाठी बारडोलीचे पात्रे आणि थोडे पुढे गेल्यास मढीची खमणी, दोन्ही घरी बांधून आणावीत.

*सोनगड* याच मार्गावर सुमारे ८० कि.मी. आहे. स्टेशनचे नाव उकाई सोनगड. या जागेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे.

आपल्यापैकी निम्मी कुटुंबे या गाडीने गावी जातात. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. लग्नसराई असो वा आखाजी, डबा भरलेला असतो, मुले मांडीवर असतात, पिशव्या पायाशी असतात. सोनगड येते आणि जाते. आमच्यातल्या एक भगिनी लग्न होऊन उधन्याला आल्या त्याला पस्तीस वर्षे झाली. त्या पहिल्यांदा या स्टेशनवर उतरल्या तेव्हा फलाटावर दोन मिनिटे नुसत्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इतक्या वेळा इथून गेले, पण इथं उतरायचं असतं हे कोणी सांगितलंच नाही." यजमान गेल्यापासून त्यांचे गावी जाणेही कमी झाले होते. त्या दिवशी किल्ल्याच्या पायऱ्या त्या सगळ्यांत हळू चढल्या, पण चढल्या. आता दर महिन्याची सहल ठरवण्यासाठी पहिला फोन त्यांचाच येतो.

सोनगड हे गायकवाडांचे पहिले ठाणे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाडांनी येथे आपला जम बसवला आणि येथूनच गुजरातेत पाय रोवले. वडोद्याचे वैभव नंतरचे आहे. पुढे सोनगड, व्यारा, नवसारी, गणदेवी हा सारा मुलूख वडोदा संस्थानच्या नवसारी प्रांतात होता. म्हणजे या लेखातल्या बऱ्याच जागी फिरताना आपण एका मराठी राजघराण्याच्या जुन्या मुलखातच फिरत असतो. गावालगतच्या टेकडीवर किल्ला आहे, तटबंदीचे अवशेष आहेत आणि देवीची मंदिरे आहेत. वरून सभोवतालचे जंगल आणि उकाईच्या जलाशयाकडचा प्रदेश दिसतो. चढताना काठी, पाणी आणि टोपी हवी. उन्हाळ्यात दुपारी चढू नये.

उकाई धरण येथून जवळ आहे. १९७२ मध्ये ते पूर्ण झाले. जलाशयाखाली गुजरातबरोबर महाराष्ट्रातीलही गावे गेली, आणि त्या गावांतून उठलेल्यांचे नातेवाईक आपल्या मंडळातही आहेत. धरणाच्या भिंतीकडे जायला परवानगी लागते, ती नसेल तर दुरून पाहावे. २००६ च्या ऑगस्टमध्ये याच धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली होती. पहिल्या मजल्यावर आलेले पाणी, गच्चीवर काढलेल्या रात्री, पिण्याच्या पाण्यासाठी लागलेल्या रांगा, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी एकदा तरी ते पाणी शांत असताना पाहावे. नातवंडांना घेऊन जावे आणि नकाशा काढून दाखवावा की भुसावळची तापी, प्रकाशाची तापी आणि आपल्या चोक बाजारामागची तापी एकच आहे.

*नवापूर* सुमारे ११० कि.मी. आहे. हे स्टेशन म्हणजे मुलांसाठी मोठीच गंमत. दोन्ही राज्यांची सीमा फलाटावरूनच जाते. एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. स्टेशन आधीपासून होते, १ मे १९६० ला दोन राज्ये झाली आणि रेषा त्यावरून गेली. येथे घोषणा हिंदी, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा चार भाषांत होतात. आमच्या नातवंडांचा त्या बाकावर बसून कोण कोणत्या राज्यात यावर वाद झाला. शाळेत गुजराती, घरात मराठी अशा मुलांना हा बाक लवकर समजतो! गावात जेवण करून परतीची गाडी धरावी.

दक्षिणेची वाट: दांडी, वघई, तिथल, उदवाडा

*दांडी.* सुरतेहून नवसारी सुमारे ३० कि.मी. आणि तेथून एस.टी.ने किंवा रिक्षाने समुद्रकाठचे दांडी. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी ५ एप्रिलला येथे पोहोचले आणि ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. ५ तारखेची रात्र त्यांनी ज्या सैफी व्हिलात काढली तो बंगला आजही पाहता येतो. जवळच ३० जानेवारी २०१९ रोजी खुले झालेले राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक आहे. यात्रेकरूंचे पूर्णाकृती पुतळे रांगेत चालताना दिसतात. त्या यात्रेत साबरमती आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. ते विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, मूळचे तासगावचे. आश्रमभजनावलीचे काम त्यांनीच केले. मराठी मंडळींनी त्यांची आठवण ठेवावी.

स्मारकाचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्यावा. परतीच्या एस.टी.बद्दल वर लिहिलेच आहे. आम्ही आता नवसारीहून जाऊन-येऊन रिक्षाच ठरवतो. चौघांत वाटले तर खर्च जाणवत नाही.

*बिलीमोरा-वघई.* आमच्या यादीतली सर्वांत आवडती सहल आणि सर्वांत जास्त नियोजन मागणारी. बिलीमोरा सुरतेहून सुमारे ५० कि.मी. आहे. तेथून डांगच्या वेशीवरील वघईपर्यंत ६३ कि.मी.ची नॅरोगेज रेल्वे जाते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१३ साली ती सुरू झाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन वडोद्याचा राजा होतो आणि डांगच्या जंगलापर्यंत रूळ टाकतो, ही गोष्ट मुलांना गाडीत बसूनच सांगावी. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट आहे.

गाडीला सुमारे तीन तास लागतात. 'एवढ्या वेळात मुंबई येईल' असे कोणीतरी म्हणतेच, त्याला खिडकीची जागा द्यावी. गणदेवीच्या बागा, चिखली रोड, रानकुवा, अनावल ही स्टेशने जातात, उनाई-वांसदा रोडनंतर साग सुरू होतो, आणि कालाआंबा, डुंगरडा येईपर्यंत डब्यातले बोलणेही हळू झालेले असते. २०२० च्या मार्चमध्ये ही गाडी थांबली होती. ती कायमची जाणार अशीही चर्चा झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा धावली, आणि पर्यटकांसाठी एक वातानुकूलित डबाही जोडला गेला. आमचे मत विचाराल तर साधा डबाच घ्या, त्याच्या खिडक्या उघडतात. निघण्यापूर्वी गाडी चालू आहे याची खात्री मात्र करावी.

वघईला वनस्पती उद्यान आहे आणि चार-पाच कि.मी.वर गिरा धबधबा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत तो भरून वाहतो, उन्हाळ्यात कोरडा पडतो. खडकावर शेवाळ असते, कठड्याच्या पुढे जाऊ नये. येताना रेल्वेने आणि जाताना एस.टी.ने, असे केल्यास वेळ हाताशी राहतो, कारण वघईत गाडी फार वेळ थांबत नाही. येथील लोकांशी बोलून पाहावे. डांगी बोलीत मराठी, गुजराती आणि अहिराणीचे शब्द मिसळलेले आहेत. आमच्यातल्या धुळ्याच्या सभासदाने बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या आजींशी अहिराणीत सुरुवात केली आणि भावतालाची बोलणी निम्म्या वेळात झाली. टोपली मात्र त्यांनी सांगितलेल्या भावानेच घेतली, तेही लिहून ठेवतो.

ज्यांना पूर्ण प्रवास झेपणार नाही त्यांनी उनाईला उतरावे. उनाई मातेच्या मंदिरापाशी गरम पाण्याचे कुंड आहे. रामाने बाण मारून हे पाणी काढले अशी आख्यायिका आहे. पाय बुडवून बसण्यासाठी हिवाळ्यातला दिवस उत्तम.

*तिथल.* वलसाड स्टेशनपासून चार-पाच कि.मी. वाळू काळी, किनारा लांब, साईबाबांचे आणि स्वामिनारायणाचे मंदिर समुद्रालगतच. लहान मुले आणि आजी-आजोबा एकत्र निघणार असतील तर हीच जागा निवडावी, चालणे कमी पडते. हिवाळ्यात वलसाडच्या आसपास रस्त्याकडेला मडक्यात भाजलेले उंबाडियू मिळते, तर वैशाखात वलसाडी हापूस. दोन्हींसाठी पिशवी न्यावी.

*उदवाडा* वलसाडच्या पुढे, वापीच्या अलीकडे आहे. स्टेशनपासून गाव काही कि.मी. आत, रिक्षा मिळते. पारशी समाजाचा पवित्र इराणशाह अग्नी १७४२ पासून येथे आहे. त्याआधी तो संजाणहून निघून आजच्या पालघर जिल्ह्यातील बाहरोटच्या गुहा, वांसदा, नवसारी आणि काही काळ आपली सुरत असा फिरत आला. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. तो नियम मानून बाहेरूनच नमस्कार करावा. जुनी लाकडी घरे, ओसऱ्या आणि शांत गल्ल्या पाहत हिंडण्यातच येथील सहल आहे. स्थलांतर करून आलेल्या समाजाने शतकानुशतके काय सांभाळले आणि कसे सांभाळले, हे पाहून आल्यावर आमच्या मंडळाच्या सभेत मराठी वर्गाचा विषय पुन्हा निघाला होता.

उत्तरेची वाट: शुक्लतीर्थ आणि कबीरवड

भरूच सुमारे ६० कि.मी. तेथून एस.टी.ने नर्मदाकाठचे शुक्लतीर्थ पंधरा-सोळा कि.मी. परिक्रमा करण्याचे मनात आहे पण शरीर साथ देत नाही, अशा सभासदांना काठावर तासभर बसूनही समाधान वाटते असा आमचा अनुभव आहे. समोर नदीतल्या बेटावर कबीरवड आहे, एका वडाच्या पारंब्यांचे झालेले रान. तेथे होडीने जावे लागते. जीवरक्षक जाकीट नसेल आणि होडी भरलेली असेल तर पुढची होडी घ्यावी. पाणी चढलेले असताना जाऊच नये.

शहरालगत

अर्धाच दिवस हाताशी असेल तर सिटी बसने डुमस. भजी आणि समुद्र, दोन्ही ओळखीचे, पण कामाच्या दिवशी सकाळी गेल्यास गर्दी नसते. थंडीत अडाजणकडे पोंक खायला जावे. आपल्या हुरड्याचाच हा भाऊ, फक्त सोबत लिंबू-मिरीची शेव असते.

एका दिवसात करू नये असे

सापुतारा. मुलांना आवडते, पण एस.टी.ने जाऊन-येऊन आठ-नऊ तास बसमध्ये जातात. एक मुक्काम करावा. डांगच्या आतील जंगल शिबिरांनाही सार्वजनिक वाहनाने एका दिवसात जाऊन येणे जमत नाही.

हिशेब

आमच्या वहीप्रमाणे बारडोली, नवापूर किंवा तिथलच्या दिवसाला माणशी तीनशे ते चारशे रुपये पुरले आहेत, त्यात खाणेही आले. दांडी आणि वघईला रिक्षामुळे थोडे अधिक. भाड्याच्या मोटारीशी तुलना ज्याची त्याने करावी.

सोबत न्यायचे

रोजच्या गोळ्या एक दिवस जास्तीच्या. पाणी घरचे. दशम्या, चटणी आणि थेपले, कारण ते दिवसभर टिकतात. आधार कार्ड. घरच्यांचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात, मोबाईल बंद पडतो. आणि घरातून निघताना कोठे जातो व कोणत्या गाडीने परततो, हे सांगून निघावे. परवानगी मागण्यासाठी नव्हे, काळजी कमी करण्यासाठी.

शेवटी एक विनंती. आपल्या सोसायटीत, आपल्या जिन्यात असे कोणी असेल की ज्याला 'गाडी कोण काढणार' म्हणून वर्षभर कोणी कुठे नेले नाही, त्यांना पुढच्या वेळी सोबत घ्यावे. सावकाश चालणाऱ्या एका माणसासाठी आमची गाडी एकदा चुकली आहे. मागून दुसरी आली.